नेसायला दिलेलं वस्त्र

आज पुन्हा बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 25वा अध्याय काढून बसलो. दहा कुमारींचा दाखला, येशूने सांगितलेला: दिवे घेऊन वराची वाट पाहणाऱ्या दहाजणी. पाच शहाण्यांनी जास्तीचं तेल घेतलेलं, पाच मूर्खांनी नाही. त्यांना ते उसनंही मिळालं नाही, त्या विकत आणायला गेल्या तेवढ्यात वर आला आणि दार बंद झालं. लहानपणापासून इतक्यांदा ऐकलाय की वाचायला घेतला की शेवटच आधी आठवतो. बंद झालेलं दार आणि बाहेरून मारलेल्या हाका. आज मात्र पाचव्या वचनावरच अडकलो. वराला उशीर लागला तेव्हा त्या सगळ्याच पेंगल्या आणि झोपी गेल्या. शहाण्या पाचजणीसुद्धा!

मोठा दिलासा वाटला. प्रभूच्या येण्याची तयारी म्हणजे सतत धास्तावून राहणं, आता काही चुकलं तर संपलंच, अशी भीती माझ्या मनात कितीतरी वर्षं ठाण मांडून होती. तेराव्या वचनात प्रभू "जागृत राहा" असं स्पष्ट म्हणतो, ते मला पुसून टाकायचं नाही. पण ज्यांना आत घेतलं त्यांनाही डुलकी लागली होती, हेही त्यानेच सांगितलंय. माणूस थकतो, हे त्याला माहीत आहे.

मग ते तेल म्हणजे काय? जुन्या काळच्या ख्रिस्ती धर्मगुरूंपैकी ख्रिसोस्तोमने दानधर्म आणि दया असा अर्थ लावला, ऑगस्टिनने प्रीती. कुणी पवित्र आत्मा म्हणतं, कुणी विश्वास. प्रत्येकात तथ्य आहे. पण मला बोचलं ते बाराव्या वचनातलं उत्तर. दाराबाहेरच्यांना तो वर असं म्हणत नाही की तुमच्याकडे तेल कमी पडलं. तो म्हणतो, "मी तुम्हांला ओळखत नाही." सगळा प्रश्न ओळखीचा आहे. आणि ओळख उसनी मिळत नाही. आईची प्रार्थना, पाळकसाहेबांचा उपदेश, चर्चच्या मंडळीत नाव असणं, या सगळ्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण प्रभूशी माझं रोजचं बोलणं त्यांच्यापैकी कुणी माझ्या वतीने करू शकत नाही.

तिथून बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या, प्रकटीकरणाच्या, 19व्या अध्यायावर गेलो. कोकऱ्याचं, म्हणजे ख्रिस्ताचं, लग्न; नवरी म्हणजे त्याची मंडळी. नवरीने स्वतःला सजवलंय असं सातवं वचन सांगतं, आणि लगेच आठवं सांगतं की तागाचं शुद्ध, तेजस्वी वस्त्र तिला नेसायला दिलं आहे. पुढे तर ते वस्त्र म्हणजे पवित्र जनांची नीतिकृत्यं असं म्हटलंय. म्हणजे वस्त्र तिच्या कृत्यांचं, तरीही दिलेलं. कृपा मोठी की कृत्यं, यावर आम्ही विश्वासणारे किती वाद घालतो! प्रकटीकरण लिहिणाऱ्या योहानाला दोन्ही एकाच वस्त्रात दिसली.

हे मला पुस्तकातून कळलं नसतं. परवा बाबांची नखं कापत होतो. हल्ली ते कुणालाच नीट ओळखत नाहीत. अंगठ्याचं नख जाड आणि वाकडं झालंय, म्हणून आधी कोमट पाण्यात हात भिजवून ठेवला होता. कापायला घेतलं तर त्यांनी हात हिसकला, पाणी सांडलं, आणि मला एक शिवी हासडली, जी त्यांच्या तोंडून आयुष्यात कधी ऐकली नव्हती. मी फरशी पुसली, परत पाणी आणलं, परत हात धरला. तेव्हा लक्षात आलं की राग आलाच नाही. दाबून टाकला असं नाही, आलाच नाही. मी मुळात असा नाही, घरच्यांना विचारावं. हात माझे होते, पुसणं माझं होतं, पण तो धीर माझा नव्हता. प्रेषित पौल फिलिप्पैकरांना पत्रात एका दमात सांगतो की आपलं तारण साधून घ्या, आणि इच्छा करणं व कृती करणं हे तुमच्या ठायी साधून देणारा देव आहे. परवा त्याचा अर्थ मला हाताला लागला.

पौलाने तीताला लिहिलेल्या पत्रातही तेच आहे. तारण देणारी कृपा आपल्याला अभक्ती सोडायला आणि नीतीने वागायला शिकवते, आणि त्या धन्य आशेची वाट पाहायलाही. पाप माफ करून ती निघून जात नाही, शिकवत राहते. म्हणून "कृपा आहे ना, मग कसंही वागलं तरी चालतं" असं कुणी म्हणालं की मला वाईट वाटतं. आणि "एवढं एवढं केलंस तरच प्रभू तुला घेईल" असं कुणी म्हणालं की त्याहून जास्त वाईट वाटतं. धर्मसुधारक ल्यूथरने 1520 साली लिहिलं होतं की विश्वासाने आत्मा ख्रिस्ताशी नवरा-नवरीसारखा जोडला जातो. तिचं पाप तो आपलं म्हणून घेतो आणि त्याचं नीतिमत्त्व तिचं होतं. नातं आधी जुळतं. त्या काळच्या यहुद्यांमध्ये वाग्दान झालं की ते नातं पक्कं धरलं जाई, म्हणून तर वाग्दत्त मरीया गरोदर आहे हे कळल्यावर योसेफाला तिला गुपचूप सोडण्याचा विचार करावा लागला. आपलंही वाग्दान झालेलं आहे, करिंथकरांना पौल हेच सांगतो. मी पसंत पडावं म्हणून मला तयारी करायची नाहीये. त्याचा झालो आहे, म्हणून करायची आहे.

मत्तयाच्या 22व्या अध्यायातला, राजाच्या मुलाच्या लग्नाच्या मेजवानीला लग्नाच्या पोशाखाविना आलेला माणूस मात्र अजूनही मला हलवून सोडतो. राजाने विचारल्यावर त्याला उत्तर देता आलं नाही. आमंत्रण स्वीकारायचं आणि बदलायला नकार द्यायचा, हे चालत नाही. यावर अजून बसायला हवं, आज घाईत पुढे जात नाही.

रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन आहे, येशूच्या आठवणीसाठी भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा विधी. माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावं, असं पौल सांगतो. परीक्षा करून दूर राहावं असं तो म्हणत नाही. परीक्षेत एकच गोष्ट परत परत वर येते आहे: धाकटा भाऊ. बाबांना बघायला तो बरेच महिने फिरकलेला नाही आणि आमचं बोलणंही थांबलंय. त्याआधी, शनिवारीच त्याला फोन करणार आहे. बाबांची तब्येत सांगायची, ये म्हणायचं. इतके दिवस का आला नाहीस, हे विचारायचं नाही. त्यासाठी लागणारं मन आजपासूनच मागतो आहे.