विहिरीचे पाणी आणि डोळ्यांतली लेन्स

गणपतीला पंधरा दिवस उरले आहेत. मुंबई-पुण्याचे चाकरमानी रात्रभर रेल्वेने किंवा एसटीने प्रवास करून पहाटे गावात उतरतील आणि पिशव्या पडवीत टेकवून आधी विहिरीवर तोंड धुवायला जातील. त्यांच्यातल्या कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी मी हे लिहीत आहे, कारण माझ्या उजव्या बुबुळावर जे पांढरे फूल पडले आहे, ते अशाच एका पहाटेमुळे.

२००९ साली मी पुण्यात शिकत होते आणि लेन्स लावू लागून मला वर्ष होत आले होते. गणपतीसाठी गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरी येताना रात्रीच्या गाडीत मी लेन्स न काढताच झोपले. घरी पोचेपर्यंत डोळे चुरचुरत होते, म्हणून रहाटाने पाणी काढले, उजवी लेन्स तळहातावर घेऊन तांब्यातल्या पाण्याने धुतली आणि पुन्हा डोळ्यात घातली. आमच्या विहिरीचे पाणी गोड, नितळ, आळीतल्या चार घरांनी पिढ्यान्‌पिढ्या प्यालेले. त्यात काही वावगे असेल हे मनातही आले नाही. लेन्स घेतल्या त्या दुकानातही पाण्याविषयी कोणी चकार शब्द काढला नव्हता.

तिसऱ्या दिवशी डोळा लालबुंद झाला, उजेड सोसेना, आणि पापणीखाली खडा अडकल्यासारखे दुखू लागले. घरच्यांना वाटले डोळे आले. औषधांच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळालेले थेंब घातल्यावर लाली उतरली, पण त्या थेंबांत स्टेरॉइड होते. त्याने लाली दबली आणि खालचा जंतुसंसर्ग मोकळेपणाने पसरत राहिला. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी डोळ्यात रंगाचा थेंब टाकून निळ्या प्रकाशात पाहिले, तेव्हा बुबुळाच्या मध्याजवळ व्रण हिरवा चमकला. व्रण खरवडून घेतलेल्या नमुन्यात स्यूडोमोनास हा जिवाणू निघाला. ओलाव्यात वाढणारा हा जिवाणू लेन्स वापरणाऱ्यांच्या डोळ्यांतील गंभीर संसर्गात वरचेवर आढळतो. पहिले दोन दिवस आणि दोन रात्री आईने घड्याळ लावून दर तासाला माझ्या डोळ्यात थेंब घातले. डोळा वाचला, पण फूल राहिले आणि त्या डोळ्याला अक्षरे आजही किंचित धूसर दिसतात.

माझ्या हातून त्या दिवशी दोन चुका झाल्या होत्या. कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, याला रक्तवाहिन्या नसतात. त्याला प्राणवायू मुख्यतः हवेतून, अश्रूंच्या थरात विरघळून मिळतो. झोपेत पापण्या मिटल्या की हा पुरवठा आधीच घटतो, आणि त्यात मध्ये लेन्स असली तर पडदा सुजतो, त्याचा वरचा थर कमकुवत होतो आणि जंतूंना आत शिरायला वाट मिळते. लेन्स लावून झोपल्याने अशा संसर्गाचा धोका सहा ते आठ पटींनी वाढतो, असे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने म्हटले आहे. गाडीत मारलेली डुलकीही झोपच असते.

दुसरी चूक पाण्याची. मऊ लेन्सचा पदार्थच पाणी धरून ठेवणारा आहे. प्रागचे रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्तर्ले यांनी १९६१ च्या नाताळात, मुलांच्या जोडणीच्या खेळण्याचे तुकडे वापरून घरीच केलेल्या यंत्रावर अशा लेन्स घडवल्या, आणि त्या डोळ्याला सोसतात त्या या ओलाव्यामुळेच. मात्र साध्या पाण्यात बुडवली की हीच लेन्स ते पाणी शोषून फुगते, बुबुळाला घट्ट चिकटते आणि पाण्यातले जंतू तिथे धरून ठेवते. विहिरीत, नळात, मातीत राहणारा अकान्थअमीबा हा सूक्ष्मजीव याहून चिवट आहे. तो स्वतःभोवती कवच करतो आणि ग्रामपंचायत विहिरीत टाकते त्या टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरीच्या नेहमीच्या मात्रेलाही ते कवच दाद देत नाही. त्याचा संसर्ग झाला तर उपचार महिनोन्‌महिने चालतात. हेच पाणी पोटात गेले तर सहसा काही बिघडत नाही, कारण तिथे आम्ल असते. बुबुळावर तसला पहारा नाही. म्हणून विहिरीचा अपमान न मानता हे मान्य करावे, की पिण्याजोगे पाणी लेन्सजोगे नसते, मग ते उकळून गार केलेले असो की बाटलीतले.

लेन्सला हात लावण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत आणि धाग्यांचा कोंडा न सुटणाऱ्या स्वच्छ फडक्याने पूर्ण कोरडे करावेत. पाणी विहिरीचे असले तरी चालेल, पण बोटावर थेंबही उरू देऊ नये. आदल्या घटकेला मासळी साफ केली असेल, मिरच्या चिरल्या असतील किंवा काजूचा चीक लागला असेल, तर एका धुण्यावर विसंबू नये. लेन्स काढल्यावर लेन्ससाठीच्या जंतुनाशक द्रावणाचे थेंब घालून बोटाने हळुवार चोळावी, बाटलीवर चोळायची गरज नाही असे छापलेले असले तरीही. डबीतले कालचे द्रावण पूर्ण ओतून टाकून ताजे घ्यावे. उरलेल्यात भर घालू नये. नुसते सलाइन जंतू मारत नाही.

डबीकडे फारसे कोणी पाहत नाही, आणि कोकणातल्या पावसाळ्यात खरी काळजी तिचीच घ्यावी लागते. जिथे चामड्याच्या चपलेला चार दिवसांत बुरशी येते, तिथे न्हाणीच्या कोनाड्यात ठेवलेली ओली डबी कशी राहील? सकाळी ती द्रावणानेच चोळून धुवावी, कोरड्या टिशूवर झाकणांसह पालथी घालून माजघरात वाळू द्यावी, आणि दर तीन महिन्यांनी बदलावी. अंघोळीच्या आधी आणि समुद्रात उतरण्याआधी लेन्स काढावी. तारकर्लीला पाण्याखाली मासे पाहायला जाणाऱ्यांनी तर नक्कीच. गावी चार दिवस येणाऱ्याने एकदाच वापरून टाकायच्या लेन्स आणाव्यात, असे माझे मत आहे. चष्मा मात्र प्रत्येकाने जवळ ठेवावाच.

डोळा लाल झाला, दुखू लागला, धूसर दिसू लागले किंवा उजेड सोसेना झाला, तर लेन्स तत्क्षणी काढावी. मध, गुलाबपाणी, एरंडेल, दुकानातले थेंब यांपैकी काहीही न घालता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे, आणि लेन्स व डबी फेकून न देता सोबत न्यावी, कारण जंतूचा शोध त्यातूनही लागतो.

माझी भाची यंदा प्रथमच लेन्स लावून येणार आहे. काल तिला फोनवर हे सारे सांगितले, तेव्हा तिने विचारले, "मावशी, तुझ्या डोळ्यातला तो ठिपका त्यामुळे आहे?" मी हो म्हटले. तिची गाडी पहाटे चिपळूणला येते. रात्री गाडीत बसण्याआधीच लेन्स काढून चष्मा लावीन, असे तिने कबूल केले आहे.