तुम्ही विचारलंत म्हणून: समुपदेशनातला तो क्षण

"समुपदेशक आणि समोरचा माणूस यांचं अगदी आतून जुळतं, असा क्षण खरंच येतो का? आणि तो आणता येतो का?" हे मला बरेचदा विचारलं जातं. येतो. आणता येत नाही. बिघडवता मात्र हमखास येतो.

मुंबईत पहिली दोन-तीन सत्रं बहुधा लोकल, बॉस, ईएमआय आणि "बाकी ठीक चाललंय" यातच जातात. मग कधीतरी बोलण्याचा वेग पडतो. इतका वेळ इंग्रजीत बोलणारा माणूस मराठीवर येतो. 'स्ट्रेस' जाऊन "पोटात खड्डा पडतो" येतं. वाक्य अर्धं राहतं. इथे घाईने टिश्यूचा डबा पुढे सरकवला, तर समोरच्याला 'आवरा आता' असंच ऐकू जातं. "माझंही असंच झालं होतं" हे त्याहून वाईट, कारण आता त्याला तुमची काळजी घ्यावी लागते. गप्प बसावं, पण टक लावून बघू नये. तो खाली बघत असेल तर आत काहीतरी चाललंय, थांबावं. वर बघून आपल्याला शोधत असेल, तर त्याचाच शब्द हळू परत द्यावा: "खड्डा..." बस.

समुपदेशनातून माणसात बदल घडायला काय लागतं, याच्या सहा अटी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सने १९५७ साली मांडल्या. त्यातली शेवटची हमखास विसरली जाते: समुपदेशकाला कळलंय, हे समोरच्यापर्यंत थोडं तरी पोहोचलं पाहिजे. नुसती मनातली कणव उपयोगाची नाही.

सत्र साधारण ५० मिनिटांचं. सगळ्यात जड गोष्ट नेमकी पंचेचाळिसाव्या मिनिटाला, बॅग उचलताना निघते. तेव्हा ती उकलत बसू नये. "हे महत्त्वाचं आहे, पुढच्या वेळी इथूनच सुरू करू" म्हणून त्याच्यासमोर लिहून ठेवावं. आत्महत्येचा विचार किंवा मारहाण असेल तर मात्र घड्याळ बाजूला. एरवी शेवटची दहा मिनिटं माणसाला परत आणायला ठेवावीत: घरी कसे जाणार, सोबत कोण? डोळे सुजलेले असताना दादरच्या पुलावरच्या गर्दीत लोटलं जाणं सोपं नाही.

आणि बरेचदा अशा सत्रानंतरच लोक पुढची वेळ चुकवतात. एवढं बोलून बसलो याची लाज वाटते. म्हणून निघतानाच सांगावं, "घरी गेल्यावर उगाच बोललो असं वाटेल कदाचित. वाटलं तरी या." ते आले, की मागचा क्षण पुन्हा उकरायला जाऊ नये, नाहीतर ते तुमच्या समाधानासाठी रडायला लागतात.