ठोंब्याचं सलाईन

पहिल्यांदा ठोंब्याला घरी सलाईन दिलं तेव्हा त्यातलं निम्मं माझ्या मांडीवर गेलं. सुई कातडीत एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर आली होती आणि मला पत्ताच नव्हता. मी आपली बाटलीतलं पाणी उतरताना बघून खूश. नवरा त्याला टॉवेलात गुंडाळून धरून बसला होता, तो शेवटी म्हणाला, "अगं, तुझा गाऊन भिजतोय."

ठोंब्या आमचा चौदा वर्षांचा बोका. हे नाव पडलं तेव्हा सहा किलोचा होता आणि दिवसभर एकाच खुर्चीत पडून असायचा. आता ४.२ किलो. नाव तेवढं तसंच राहिलंय.

आजार आमच्या डोळ्यांसमोर वाढला आणि आम्ही त्याचं कौतुक केलं. तो पाणी जास्त प्यायला लागला होता. "बघ कसा शहाण्यासारखा पाणी पितो," असं मीच म्हटलेलं आठवतंय. ट्रेमधले लघवीचे गोळे मोठे व्हायला लागले, तेही दिसत होतं. पण दोन गोष्टींची गाठ मारली नाही. किडनी थकली की तिला लघवी दाट करता येत नाही, पाणी नुसतं वाहून जातं आणि ते भरून काढायला मांजर पीत राहतं. ही लक्षणं दिसेपर्यंत किडनीचं साधारण दोनतृतीयांश काम गेलेलं असतं. रक्ततपासणीत क्रिॲटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, ३.८ आलं. २.९ ते ५.० म्हणजे आजाराची तिसरी पायरी, आणि पायऱ्या एकंदर चारच. आमची डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची आहे. ती म्हणाली, "काकू, गेलेलं परत येत नाही. उरलंय ते सांभाळायचं." वाहून जाणारं पाणी भरून काढायला घरीच कातडीखाली सलाईन द्यायचं ठरलं, मग तिने तिथेच टेबलावर माझ्याकडून दोनदा सुई टोचून घेतली. तिथे जमलं. घरी आल्यावर काय झालं ते वर सांगितलंच.

आता हात बसलाय. रिंगर लॅक्टेटची, म्हणजे त्याच्या सलाईनची, बाटली आधी कोमट पाण्यात ठेवायची आणि नळीतून एक थेंब मनगटावर टाकून बघायचा, आपण बाळाचं दूध बघतो तसा. दोन खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत वर उचलली की खाली तंबूसारखी पोकळी होते. सुईच्या टोकाची तिरपी बाजू वर ठेवून त्या तंबूच्या दारातून आत जायचं. भीत भीत गेलं तर त्याला जास्त दुखतं, एका दमात गेलं तर बहुतेक वेळा तो मान वळवूनही बघत नाही. सुई दर वेळी नवी. एकदा वापरली की टोक बोथट होतं, ते आपल्या डोळ्यांना दिसत नाही पण त्याला कळतं. सुरुवातीला मी दया येऊन बारीक सुई मागून घेतली होती. त्या सुईतून पाणी इतकं हळू जायचं की त्याला दुप्पट वेळ धरून ठेवावं लागायचं. असली दया काय कामाची! मुकाट जाड सुईवर आले.

आत गेलेलं पाणी लगेच मुरत नाही. पाठीवर मऊ फुगा येतो आणि थोड्या वेळाने पुढच्या एका पायाकडे ओघळतो. तसा ठोंब्या एका खांद्यावर दप्तर अडकवलेल्या पोरासारखा घरभर फिरतो. काही तासांत दप्तर गायब.

हे वाचून कुणी आपल्या मांजराला स्वतःच्या मनाने सलाईन लावू नका. मी मनाने काय केलं ते सांगते. एका संध्याकाळी पाहुण्यांच्या गडबडीत सलाईन राहिलं. दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या १०० मिलिलीटरऐवजी १५० दिलं, म्हटलं कालचं भरून निघेल. उधारी फेडतात तसा हिशेब केला. डॉक्टरने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की तो गाढ झोपला की छातीचं वरखाली होणं अर्धा मिनिट मोजायचं आणि दुप्पट करायचं. मिनिटाला तीसच्या आत हवं. त्याचं रोज बावीस-चोवीस यायचं. त्या रात्री अडतीस आलं. पुन्हा मोजलं, चाळीस. फोन लावताना हेही मनात येऊन गेलं की जास्तीच्या ५० चं बोलायचं नाही. लाज वाटत होती. नवऱ्याने नुसतं बघितलं माझ्याकडे, मग सांगितलं. ती चिडली नाही. "लगेच घेऊन या, वाटेत त्याला दाबून धरू नका, पिंजऱ्यात मोकळा बसू द्या," एवढंच. छातीत पाणी साचलं होतं. ऑक्सिजन, लघवी होण्याचं इंजेक्शन, दोन दिवस तिथेच. सोनोग्राफीत त्याचं हृदयही थोडं थकलेलं निघालं. तेव्हापासून ७५ मिलिलीटर, एक दिवसाआड, आणि चुकलं तर चुकलं. तिने माझ्या वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय: "राहिलं तर फोन करा, भरपाई नको."

ही वही आधी माझ्यासाठी होती. हळूहळू तीच डॉक्टरशी बोलायला लागली. मला विचारलं तर मी "ठीक आहे" म्हणते, सवयच आहे. वही म्हणते की मंगळवारी दोनदा ओकला, वाटीशी गेला, वास घेतला, ओठ चाटले आणि परत फिरला. भूक असून मळमळतंय, हे तिने त्या ओठ चाटण्यावरून ओळखलं. मळमळीची गोळी सुरू झाली आणि भुकेचं मलम, जे कानाच्या आतल्या बाजूला चोळायचं. ते चोळताना हातमोजे हवेतच, नाहीतर आपल्याच कातडीतून आत जातं. त्याने भूक लागली खरी, पण त्याबरोबर वक्तृत्वही आलं. रात्री दोनला उठून भाषण. नवरा म्हणाला, एवढं तो चौदा वर्षांत मिळून बोलला नव्हता.

सुई, गोळी, मलम हे सगळं जमलं आणि एक दिवस लक्षात आलं की मी खोलीत आले की ठोंब्या उठून जातो. बाटलीचा आवाज झाला की पलंगाखाली. मी खाली वाकून त्याला ओढून काढायचे आणि काम उरकायचे, वेळेवर दिलं म्हणून समाधान. हे मी डॉक्टरला तक्रारीच्या सुरात सांगितलं. तिने विचारलं, "दिवसात दहादा त्याला हात लावत असाल, तर त्यातले औषधाचे किती?" मी मनात मोजलं. नऊ. जो बोका चौदा वर्षं माझ्या पायांवर झोपला त्याच्या लेखी मी आता सुईवाली बाई.

मग नियम ठरले. औषध फक्त मागच्या खोलीत, पिवळ्या टॉवेलावर, ठरल्या वेळी. झोपल्या जागेवरून उचलायचं नाही. आवडीच्या खाण्यात गोळी लपवायची नाही, कारण पकडलं तर तो ते खाणंच सोडेल, आणि मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर प्रकरण यकृतावर जातं. आणि रोज दहा मिनिटं रिकाम्या हाताने त्याच्याजवळ जमिनीवर बसायचं. रिकामे म्हणजे रिकामे, ब्रशसुद्धा नाही. पहिले चार दिवस तो दारात बसून माझे हात बघायचा. मी तळवे वर करून दाखवायचे, वेड्यासारखे. नवव्या दिवशी येऊन माझ्या गुडघ्याला पाठ लावून बसला, तोंड भिंतीकडे.

पुढचंही बोलणं झालंय. डॉक्टरने सात मुद्द्यांचा तक्ता दिला. डॉ. ॲलिस व्हिलालोबोस या पशुवैद्यांनी तो केलेला आहे. दुखणं, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला शून्य ते दहा गुण, बेरीज पस्तीसच्या वर असेल तर अजून बरं चाललंय असं धरायचं. तिच्या सांगण्यावरून आम्ही दोघं रविवारी वेगवेगळ्या कागदांवर गुण देतो आणि मग उलटे करून दाखवतो. नवऱ्याचे नेहमी जास्त. गेल्या रविवारी त्याचे ४६, माझे ४०. त्याने "हालचाल"ला आठ दिले होते, कारण ठोंब्या खुर्चीवर चढला. मी पाच दिले, कारण चढण्याआधी तो खुर्चीकडे किती वेळ बघत उभा होता ते मी पाहिलं होतं.

आज सलाईनच्या बाटल्यांचं नवं खोकं आलं. बाटल्या काढून कपाटात लावेपर्यंत ठोंब्या रिकाम्या खोक्यात जाऊन बसला होता. चारही पाय पोटाखाली, डोळे अर्धे मिटलेले. मी वहीत वेळ टाकली, श्वास मोजले, चोवीस. त्याखाली लिहिलं, "खोक्यात बसला." रविवारी "आनंद"ला याचे किती गुण द्यायचे, यावर सकाळपासून वाद चाललाय.