कोथिंबीर वडी, खेप पाचवी: अखेर सुरी नीट फिरली

काल रात्री साडेनऊला वडी कापली आणि तुकडा अख्खा हातात आला. वजन उतरवायचं म्हणून कमी तेला-बेसनातली वडी जमवायला बघत होते, तीन आठवडे हेच होत नव्हतं, म्हणून आजच लिहायला बसले.

वजन ७१.४ किलो. गेल्या नोंदीपासून ८०० ग्रॅमच उतरलं, पण संध्याकाळी सहाची भूक आता छळत नाही. त्याचं श्रेय ज्वारीच्या लाह्यांना. २५ ग्रॅम लाह्यांनी मोठा वाडगा भरतो, ९० कॅलरीच्या आत. वरून कांदा, लिंबू, चिमूटभर मेतकूट. नागपंचमीपुरत्या का आणतो आपण या?

आता वडी. तळणीचा हिशेब मागे दिलाच होता: कढईतलं तेल तळणाआधी आणि नंतर तोललं, तर २४ वड्यांनी ४८ ग्रॅम तेल प्यायलेलं. म्हणजे ४३० कॅलरी नुसत्या तेलाच्या. तळण काढून टाकणं सोपं होतं. अडलं ते बेसन कमी करताना. २०० ग्रॅम निवडलेल्या कोथिंबिरीला मी २०० ग्रॅम बेसन घ्यायचे, ते १०० वर आणलं आणि वडीने धरणंच सोडलं.

पहिल्या खेपेत सुरी लावताच भुगा. दुसरीत कोबी किसून घातला, त्याला मिठाने पाणी सुटलं आणि उंडा चाळणीतच बसला. तिसरीत अंड्याचा पांढरा भाग घातला. धरली छान, पण चव ऑम्लेटची. चौथीत चमचाभर इसबगोल. त्याने कापता आली, मात्र खाताना बुळबुळीत लागली, घरात कुणी दुसरी उचलली नाही. मी पण नाही.

मग सुरळीच्या वडीचं डोक्यात आलं. तिथे बेसन पातळ ताकात शिजवतो आणि गार झाल्यावर ते आपोआप घट्ट बसतं, एवढंसं बेसन केवढं तरी ताक धरून ठेवतं. मग कोथिंबिरीवर कोरडं बेसन का भुरभुरायचं? १०० ग्रॅम बेसन २५० मिली पातळ ताकात कालवून, हळद, हिंग, आलं-मिरची घालून पिठल्यासारखं घोटलं. डाव उभा राहील इतकं घट्ट झाल्यावर गॅस बंद करून कोथिंबीर मिसळली. थाळीत थापून वर १० ग्रॅम तीळ दाबले, १२ मिनिटं वाफवलं. फ्रिजमध्ये चार तास, तेही झाकण न ठेवता. झाकलं की वाफेचं पाणी वडीवर पडतं, आणि पृष्ठभाग ओला असला की तव्याची सगळी आच ते पाणी उडवण्यातच जाते, कुरकुरीतपणा येतच नाही.

कोथिंबीर आदल्या रात्री धुऊन पंचावर पसरा. आमच्या मंडईत जुड्या पाण्याने नुसत्या निथळत असतात, तोलून घेतलेल्या ३०० ग्रॅममधून निवडून, सुकवून १६० उरते.

बिडाचा तवा, दोन चमचे तेल ब्रशने लावून, मध्यम आच, एका बाजूला पाच मिनिटं अजिबात हलवायची नाही. कडा तांबूस झाल्या आणि कडक आवाज आला! एक वडी साधारण २५ कॅलरी, पूर्वीची ५४ च्या आसपास होती. सहा वड्या आणि कोकमाचं आगळ घातलेलं ताक, हे माझं कालचं जेवण. पोट भरलं आणि मनही.

एअर फ्रायर या कामाला घेऊ नका. वडी आतून कोरडी पडते, तीळ उडतात. तेलाच्या स्प्रेपेक्षा पाच-पन्नास रुपयांचा ब्रश बरा, स्प्रे दाबला की किती तेल पडलं ते कळत नाही. आणि गिरणीतून दळून आणलेलं बेसन रवाळ असेल तर ताक ३०-४० मिली जास्त लागेल.

पुढची खेप अळूवडीची ठरली होती. पण हे लिहिता लिहिता खानदेशातले फुणके आठवले. भिजवलेली डाळ भरड वाटायची, लसूण-कोथिंबीर घालून मुटके वाफवायचे, कढीबरोबर खायचे. तळणं मुळातच नाही! डाळ भिजून फुगते, म्हणजे तेवढ्याच डाळीत ताट भरतं. वरून तेल घेतात, तिथे मी एक चमचा मोजून घेईन. अळूची पानं थांबतील. चणाडाळ आणि तूरडाळ निम्मी-निम्मी, १०० ग्रॅम, आत्ताच भिजत घातली आहे. त्यात पालक किती खपतो ते उद्या तोलून सांगते.