पेट्रोल मागणारी बाई आणि आमचा झुंबा

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत सकाळी साडेसहाला झुंबा असतो. बारा-चौदा बायका, कुणी पंजाबी ड्रेसवर, कुणी लेकीच्या जुन्या ट्रॅकपँटमध्ये, आणि स्पीकरवर न चुकता 'गॅसोलिना' हे स्पॅनिश गाणं. परवा शेजारच्या काकूंनी धापा टाकत विचारलं, अगं ही पेट्रोल पेट्रोल काय करतीये सारखी?

घरी येऊन शोधायला बसले ते भाजी करपेपर्यंत. गॅसोलिना म्हणजे पेट्रोलच, गाणं २००४चं, पोर्तो रिकोच्या डॅडी यांकी या गायकाचं, पण "अजून पेट्रोल दे" म्हणणारा तो आवाज ग्लोरी नावाच्या बाईचा, आणि गाण्यावर तिचं नावच नाही! शब्दही पुरुषांचेच. मला एकदम लावणी आठवली, म्हणजे होनाजी बाळा काय, राम जोशी काय, लिहिणारे सगळे बाप्येच, बाई कशासाठी झुरते ते हेच सांगणार. पण बालगंधर्व रंगमंदिरात लावणीला एखादी नुसती भुवई उडवून ओळ फेकते ना, तेव्हा लिहिलंय कुणी ते कोण विचारतं? ग्लोरीचंही तेच, ती मागते ते लाजून नाही, हक्कानं.

पण माझी खरी लाडकी तिथलीच दुसरी गायिका, आयव्ही क्वीन. नव्वदच्या दशकात पोर्तो रिकोतल्या सान हुआनला 'द नॉइझ' म्हणून गाणाऱ्या पोरांचा कंपू होता, त्यात ही घुसली, १९९७ला स्वतःचा अल्बम काढला. आवाज जाड, घोगरा, नखं ही लांब. हिचं 'किएरो बायलार' ऐकाच, त्यात ती त्याला सरळ सांगते की मला नाचायचंय, तुला खेटून घाम येईपर्यंत नाचेन, पण म्हणून तुझ्या अंथरुणात येईन असं समजू नकोस. यात मला आवडतं ते हे की ती सोवळी नाहीये, तिला मजा येतीये हे ती लपवत नाही, फक्त कुठे थांबायचं ते ती ठरवणार. आणि हे कधी, तर तिकडे पेर्रेओ म्हणजे या गाण्यांवरच्या खेटून करायच्या नाचाविरुद्ध अश्लील अश्लील म्हणून ओरड चालू होती तेव्हा. (आपल्याकडे २००५ला डान्सबार बंद केले, तिथेही बोलणी बायकांनाच.)

कॉलेजात असताना विसर्जनाला लक्ष्मी रोडवर ढोलापुढे मी मनसोक्त नाचले होते. समोर एक मुलगा नाचत होता, छान नाचत होता, खोटं का बोलू, मलाही आवडला होता. तो नंतर अलका चौकापासून पार घराच्या गल्लीपर्यंत मागे आला, वर म्हणतो, "मग नाचलीस कशाला?" मला तेव्हा काही सुचलंच नाही, चप्पल हातात घेऊन पळत सुटले.

काल काकूंना दोन्ही गाण्यांचा अर्थ सांगितला. पेट्रोलवर म्हणाल्या, शंभरच्या वर गेलंय, मागू दे की तिला. दुसऱ्यावर काहीच बोलल्या नाहीत, ओढणी कमरेला गच्च बांधली आणि इन्स्ट्रक्टरला म्हणाल्या, "ते नखंवालीचं लाव रे, आवाज वाढव."