कणकुंबीच्या पावसातला मुक्काम

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात, मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीच्या परिसरातील एका वाडीत, कलाकारांना गावात राहून काम करायला बोलावणाऱ्या एका निवास-उपक्रमात, मी यंदाचा पावसाळा चित्रे काढण्यात घालवला. २०११ साली अभयारण्य घोषित झालेले भीमगडचे जंगल येथून जवळच आहे. विजेच्या लपंडावाविषयी वेगळे लिहायला नको.

जलरंगांनी मात्र असहकार पुकारला. हवेत ओल इतकी की रंगाचा पहिला हात वाळता वाळत नाही आणि घाईने दुसरा दिला तर कडा फुटून चिखल होतो. ज्यांच्या घरी मी उतरले होते त्या आजींनी शेवटी कागद चुलीवर टांगलेल्या बांबूच्या तट्टीवर, मिरच्यांशेजारी ठेवायला लावला. ‘‘धूर लागतंय, खरं वाळतंय बघ बाई,’’ असे त्या म्हणाल्या. कागदावर आलेली पिवळसर झाक मी मुद्दाम तशीच ठेवली.

अशा निवासात कलाकाराने गावच्या भिंती रंगवून द्याव्यात, ही आयोजकांची नेहमीची अपेक्षा मला पटत नाही, कारण पावसाळा सरला की येथील बायका त्या भिंती आपल्या हाताने सारवतात आणि त्यांना आमच्या फुलपाखरांची (आयोजकांना फुलपाखरे फार आवडतात) गरज नसते. मी त्याऐवजी रोपलावणीच्या दिवसांत बांधावर बसून वाकलेल्या पाठींची रेखाटने केली. ती पाहून आजींनी सर्वप्रथम रोपे फार दाट काढल्याची तक्रार केली.