भावाची मुलं की भावांची?

"ताई, सातवं कलम जपून करा. त्या एका ओळीपायी दोन घरांचं येणंजाणं बंद झालंय," असं म्हणत वकीलसाहेबांनी फाईल माझ्यापुढे सरकवली.

मी कोर्टकचेरीच्या कागदांची इंग्रजी-मराठी भाषांतरं करते. हे मृत्युपत्र सत्तरच्या दशकातलं होतं, इंग्रजीत टाइप केलेलं, नोंदणी झालेलं. करणारे गृहस्थ मुंबईत नोकरीला होते. पत्नी लवकर वारली, मूलबाळ नव्हतं. एक थोरला भाऊ, एक धाकटा. मृत्युपत्र केल्यावर ते चाळीसेक वर्षं जगले, आणि ते गेले तेव्हा दोन्ही भाऊ आधीच गेलेले होते. मागे राहिला पुण्यातल्या पेठेतला वाडा. तो कोणाला, हे सातव्या कलमात लिहिलं होतं: "माय ब्रदर्स चिल्ड्रन इन इक्वल शेअर्स."

इंग्रजीत या "ब्रदर्स"चे तीन अर्थ कागदावर तीन तऱ्हेने लिहितात. एसच्या आधी वरचा स्वल्पविराम, म्हणजे अपॉस्ट्रॉफी, दिला तर एका भावाची मुलं. एसच्या नंतर दिला तर भावांची मुलं. चिन्हच नसेल तर नुसतं "भाऊ" हे अनेकवचन. उच्चार मात्र तिन्हींचा अगदी एक. वर देवनागरीत मी ते लिहिलं तेव्हा चिन्हाचा प्रश्न आलाच नाही, आणि अर्थाचा प्रश्न जागच्या जागी राहिला. मृत्युपत्रातही चिन्ह नव्हतं. मराठीत मात्र "भावाच्या मुलांना" लिहायचं की "भावांच्या मुलांना", हे पेन टेकवण्याआधी ठरवावंच लागतं. शुद्धलेखनाच्या १९६२च्या नियमांनी जुने न उच्चारले जाणारे बहुतेक अनुस्वार काढून टाकले, पण अनेकवचनी सामान्यरूपावरचा हा अनुस्वार ठेवला. तो कानालाही कळतो. एका टिंबाने धाकट्या भावाची दोन मुलं वाड्यात येणार होती किंवा वाड्याबाहेर राहणार होती.

माझ्या हातात नोंदणी कार्यालयाची नक्कल होती. नक्कल करणाऱ्याने चिन्ह गाळलं असेल, म्हणून मी आधी मूळ कागद मागितला. दुसऱ्या दिवशी तो आला. कागद पिवळा पडलेला, घडीवर विरलेला, पण शाई ठसठशीत. भिंग लावून सातवं कलम पाहिलं. "आर"नंतर लगेच "एस", मध्ये ठिपकासुद्धा नाही, आणि एसच्या पुढची मोकळी जागा कोरी.

मग मी पूर्ण मृत्युपत्र पुन्हा वाचलं, फक्त संबंध दाखवणारे शब्द हेरत. चौथ्या कलमात "माय लेट वाइफ्स ऑर्नामेंट्स" होतं, तिथेही चिन्ह नाही. सहाव्यात "माय फादर्स हाउस", तिथेही नाही. पत्नी एकच होती, वडील तर एकच असणार. म्हणजे टंकलेखकाने हे चिन्ह कुठेच वापरलेलं नव्हतं, आणि सातव्या कलमात ते नाही यावरून कोणालाच काही सिद्ध करता येणार नव्हतं. (ते दागिने तिचं स्त्रीधन होतं की यांनी घेऊन दिलेले, हेही त्या "वाइफ्स"वरून कळत नाही. इंग्रजीतला हा एस काय किंवा आपला "चा-ची-चे" काय, दोन्ही नुसतं नातं जोडतात, मालकी सांगत नाहीत. वाचणारे त्यात मालकी वाचतात आणि तंटे सुरू होतात.)

त्या दिवशी दुपारी दोन्ही बाजू कार्यालयात आल्या. थोरल्यांचा मुलगा, त्याची बहीण, धाकट्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, आणि अमेरिकेतून व्हिडिओ कॉलवर काकूंचा मुलगा. काकूंना इंग्रजी वाचता येत नाही, त्यांच्यासाठीच मराठी प्रत हवी होती. बसल्या बसल्या त्यांनी मला सरळ विचारलं, "तुम्ही टिंब देणार की नाही?"

थोरल्यांच्या मुलाचं म्हणणं पक्कं होतं. तिसऱ्या कलमात काकांनी त्याच्या वडिलांना नावानिशी व्यवस्थापक नेमलं होतं, आणि पाचव्यात "माय ब्रदर भाडं गोळा करील" असं लिहिलं होतं. मृत्युपत्रात "माय ब्रदर" म्हणजे थोरलेच, मग सातव्यातही तेच. युक्तिवाद वजनदार होता. अमेरिकेतल्या मुलाचाही कमी नव्हता. दोन सख्खे भाऊ असलेला माणूस "माझ्या भावाची मुलं" एवढंच लिहून थांबेल का? इंग्रजीत अशी रचना केली की ऐकणाऱ्याला तो भाऊ कोणता हे माहीत आहे असं गृहीत असतं. पाचव्या कलमात ते चाललं, कारण काम एकाचंच होतं. वाडा देताना कोणता भाऊ हे त्यांनी सांगितलंच असतं.

"काका पदवीधर होते. अनेक भाऊ म्हणायचं असतं तर एसच्या पुढे चिन्ह द्यायला ते विसरले नसते," थोरल्यांचा मुलगा म्हणाला.

हे मला मान्य करता येत नव्हतं. अ‍ॅना जार्विस या अमेरिकन बाईंनी "मदर्स डे" एकवचनीच हवा असा आग्रह धरला. प्रत्येक घराने आपापल्या आईला मान द्यायचा, म्हणून चिन्ह एसच्या आधी. तिथे चिन्ह विचार करून दिलेलं आहे, त्याला पुरावा म्हणता येतं. उलट, १८९० साली स्थापन झालेलं अमेरिकेचं भौगोलिक नावांचं मंडळ नकाशावरच्या नावांतून हे चिन्ह काढत आलं आहे. कोलोरॅडोमधलं "पाइक्स पीक" एका माणसाच्या, झेब्युलन पाइकच्या नावाचं शिखर आहे, पण नावात चिन्ह नाही. म्हणून पाइक अनेक ठरत नाहीत. चिन्ह नसण्यातून संख्या काढता येत नाही, हे मी त्यांना जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं.

काकूंना नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. "एवढी कामाची खूण आणि बोलताना ऐकूच येत नाही?" मुळात ती खूण तशी नव्हतीच. जुन्या इंग्रजीत अनेक नामांना एकवचनी षष्ठीचा "-एस" प्रत्यय लागायचा, त्यातला स्वर झिजला, आणि गळालेलं अक्षर दाखवायला अपॉस्ट्रॉफी आली. मधल्या काळात लोक त्या एसला "हिज"चा अवशेष समजू लागले. १६६२च्या इंग्लिश प्रार्थनापुस्तकात "जीझस क्राइस्ट हिज सेक" असं छापलेलं आहे. अनेकवचनात एसच्या पुढे चिन्ह द्यायची रीत तर त्यानंतर खूप उशिरा रुळली. बोलणाऱ्यांनी ती कधी मागितली नव्हती, ती छापखान्यांची आणि व्याकरणकारांची सोय. मला हा इतिहास फार आवडतो, पण त्या टेबलावर एका वाड्याचं भवितव्य त्या सोयीवर टेकलेलं होतं.

मी टिंब दिलंही नाही आणि गाळलंही नाही. सातव्या कलमात मूळ इंग्रजी ओळ जशीच्या तशी ठेवली, खाली "भावाच्या / भावांच्या मुलांना" असं लिहिलं आणि टीप जोडली: मूळ कागदात एकवचन-अनेकवचन दाखवणारं चिन्ह नाही, चौथ्या व सहाव्या कलमातही ते नाही, सबब भाषांतरकार निर्णय देऊ शकत नाही. खाली सही आणि तारीख. थोरल्यांचा मुलगा चिडला, दुसरा भाषांतरकार बघतो म्हणाला. त्याची चीड मला समजत होती. पण ठरवायचा अधिकार माझा नव्हता, आणि तो हळूच वापरला असता तर वाचणाऱ्या कोणालाही पत्ता लागला नसता. मराठी प्रत इतकी सरळ दिसली असती की मुळात शंका होती हेच पुसलं गेलं असतं.

वकीलसाहेबांनी मग कायदा समजावला. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५च्या कलम ८२ प्रमाणे एका वाक्याचा अर्थ संपूर्ण मृत्युपत्रावरून लावायचा. कलम ८० प्रमाणे शब्द स्पष्ट असून प्रत्यक्ष माणसांना लावताना घोटाळा होत असेल तर बाहेरचा पुरावा चालतो. कलम ८१ प्रमाणे संदिग्धता कागदावरच दिसत असेल तर करणाऱ्याच्या मनात काय होतं याचा बाहेरचा पुरावा चालत नाही. गाळलेली अपॉस्ट्रॉफी यातल्या कशात बसते, यावरच वर्षं जातील असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

काकूंनी पिशवीतून दिरांचं एक जुनं पोस्टकार्ड काढलं. कोर्टात ते कदाचित दाखलही झालं नसतं. टेबलावर मात्र ते थोरल्यांच्या मुलीनेच हातात घेतलं आणि मोठ्याने वाचलं. त्यात "दोघांच्या पोरांनी वाड्यावरून भांडू नये" असं एक वाक्य होतं. तिने ते भावाकडे दिलं. तो बराच वेळ बोलला नाही, मग म्हणाला, "करार मराठीत करा."

पुढच्या महिन्यात तडजोडीचा करार झाला. "इक्वल शेअर्स" म्हणजे घरागणिक की माणसागणिक, यावर थोडी घासाघीस झाली आणि माणसागणिक ठरलं: थोरल्यांची तीन, धाकट्यांची दोन, प्रत्येकाला एक पंचमांश. "भावांची मुलं" हे शब्द वकीलसाहेबांनी करारात कुठेच येऊ दिले नाहीत. पाचही नावं वडिलांच्या नावासकट ओळीने घातली. अमेरिकेतल्या मुलासाठी इंग्रजी प्रत मी केली. तिच्यात सगळीकडे "सन ऑफ" आणि "डॉटर ऑफ" ठेवलं, अपॉस्ट्रॉफी लागेल अशी एकही रचना ठेवली नाही.